खेकडा, मरळ आणि श्रीमंत मास्तर

नाव श्रीमंत, पण लहानपणी शाळेत त्याला सगळे ‘खेकड्या’च म्हणायचे. त्याची माय, केवळाबाई, घरणी नदीतले खेकडे धरून घर चालवायची, अन् पोराच्या कपड्यांना तो वास यायचा. पुढं श्रीमंत मास्तर झाला, शिरूर अनंतपाळकडच्या एका लांबच्या शाळेवर लागला, टेरीकॉटचा सदरा घालू लागला. त्या नावाची धास्ती मात्र काही गेली नाही बघा.

लातूर जिल्हा नुकताच झालेला, त्यात दुष्काळ. नव्या जिल्ह्याचे साहेब तपासणीला येणार म्हटल्यावर श्रीमंतनं पाठ निवडला: मासा आणि खेकडा यांतला फरक. शेरा चांगला मिळाला तर लातूरला बदली होणार होती. पण नदी ठणठणीत कोरडी, नमुने आणायचे कुठून? मग आठवली माय. साहेब यायच्या आधी आणून दे अन् लगेच माघारी जा, असं त्यानं तिला बजावलं.

बिचारीला उशीर झाला. भर पाठात ती डोक्यावर घागर घेऊन वर्गात आली, गुडघ्यापर्यंत चिखल अन् लुगडं फाटलेलं. साहेबांनी विचारलं, ह्या कोण?

“खेकडे धरणाऱ्या बाई आहेत, साहेब,” श्रीमंत म्हणाला.

केवळाबाईनं एकवार त्याच्याकडं बघितलं अन् घागर खाली ठेवली. कोरड्या नदीत हे मिळालं कसं, असं साहेबांनी विचारलं, तेव्हा तिनं नीट सांगितलं. पाणी खाली गेलं की खेकडा बीळ उकरत पाण्यामागं जातो, म्हणून खांद्यापर्यंत हात घालावा लागला. मरळ मासा जागा सोडत न्हाई. चिखलात पडून राहतो, तोंड वर काढून हवा घेतो.

‘मासा पाण्याबाहेर जगत नाही,’ असं श्रीमंतनं फळ्यावर लिहिलं होतं. घागरीत नुसता गाळ होता अन् मरळ चांगली जिती होती. पोरं हसली. श्रीमंतनं फळा पुसला.

साहेब मात्र खूश झाले. “बाई, तुमचं लेकरू आहे का कुणी या शाळेत?”

आता तरी बोल गाढवा, असं श्रीमंत स्वतःलाच म्हणत होता. पण लाजेनं तो पुसलेला फळाच पुन्हा पुसत राहिला.

“न्हाई साहेब,” केवळाबाई म्हणाली, “माझं कुणी न्हाई इथं.”

शेरा उत्तम मिळाला. बदलीही झाली. पण लातूरला जाताना मायला ‘संगं चल’ म्हणायला श्रीमंतला तोंड राहिलं नव्हतं.