न पाजलेले थेंब

माझी मुलगी एकतिसाव्या आठवड्यात जन्मली. महिनाभर काचेच्या पेटीत राहून घरी आली, तेव्हा डॉक्टरांनी व्हिटॅमिन डीच्या थेंबांची बाटली दिली. शेवटच्या महिन्यांत आईच्या पोटात हाडांना जी बळकटी येते ती हिला मिळालेली नाही, म्हणून एक दिवसही चुकवू नका, असं त्यांनी आम्हा नवराबायकोला दोनदा बजावलं.

सटाण्याहून माझी थोरली बहीण मदतीला आली. आई लवकर गेल्यामुळे मला ताईनेच वाढवलं होतं. शाळेतून नुकतीच निवृत्त झाली होती. मी सकाळीच ओझरच्या कारखान्यात जायचो, बायको दर दोन तासांनी दूध पाजून थकलेली असायची. म्हणून मालिश, अंघोळ आणि थेंब ताईने स्वतःकडे घेतले. संध्याकाळी मी विचारायचो, ती ‘दिले’ म्हणायची.

मुलगी तीन महिन्यांची असताना एका सकाळी मालिशनंतर तिची मांडी सुजली. पाय हलवला की ती कळवळायची. एक्स-रेत हाड मोडलेलं दिसलं. डॉक्टरांनी पहिला प्रश्न थेंबांचाच विचारला. घरी येऊन मी कपाट उघडलं. महिन्यात संपायची ती बाटली दोन महिन्यांनीही सीलबंद होती. नवी आणायला कुणी सांगितलं नाही आणि मलाही सुचलं नाही, तेवढा दोष माझा.

ताई शांतपणे म्हणाली, “एवढ्याशा जिवाला रोज औषध कशाला? उष्णता होते. तुला मी थेंबांवर नाही वाढवलं.”

हे मी गिळलंही असतं. पण ती सटाण्याला परतली आणि आठवड्यात नातेवाइकांचे फोन सुरू झाले. बायकोच्या हातून बाळ पडलं, असं ताईने सगळ्यांना सांगितलं होतं. बायकोने लग्नाकार्याला जाणं सोडलं. बायका माझ्या हातांकडे बघतात, असं ती म्हणायची. मुलीचा पाय महिन्याभरात जुळला, थेंब सुरू झाले, पुढे ती चालायलाही लागली. माझा राग मात्र होता तिथेच होता.

दीड वर्षाने ताईच्या मुलीला दिवस गेले. ती आमच्या नाशिकलाच दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून ताईने सटाण्यात खोली रंगवून घेतली, दुपटी शिवली, शेजारणींना सांगत सुटली. मी त्याचीच वाट पाहत होतो.

एका रविवारी मी एक्स-रे आणि ती बाटली घेऊन भाचीच्या सासरी गेलो. भाची, जावई आणि तिच्या सासूबाई समोर बसल्या होत्या. मी सगळं आवाज न चढवता सांगितलं. एक शब्द खोटा नव्हता. भाचीचं भलं व्हावं हा हेतू मात्र नव्हता.

भाचीने तिथूनच आईला फोन लावला, स्पीकरवर. ताईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “मी चांगल्यासाठीच केलं.”

बाळंतपण सासरी झालं. ताई बारशाला आली, पाहुण्यासारखी. बाळाला तिच्या मांडीवर दिलं तेव्हा सासूबाई शेजारी उभ्या राहिल्या.

बायकोला हे कळलं तेव्हा ती खूश होईल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, “त्यांनी चारचौघांत खरं सांगावं, एवढंच मला हवं होतं. हे तुम्ही स्वतःसाठी केलंत.”

बारशाहून निघताना ताई जिन्यात भेटली. दुपट्यांची पिशवी तशीच हातात होती. तिने ती दुसऱ्या हातात घेतली आणि विचारलं, “झालं समाधान?”

“झालं,” मी म्हणालो, आणि तिला वाट दिली. मागून बायको आली. तिने ताईच्या हातातली पिशवी घेतली आणि दोघी जिना उतरून गेल्या. मी वरच थांबलो. समाधान खरंच झालं होतं.