बिननावाचा कडा

पडेगाव मागे टाकून दौलताबादच्या बाजूला निघालं की डोंगर लागतो. शहरातल्या माणसाला तो नुसता डोंगर दिसतो. तिथल्या मेंढपाळांचं एवढ्यावर भागत नाही. माती ढासळते ती दरड. तिच्यावरून मेंढरं उतरवता येतात, पण पाऊस झाल्यावर नाही. पाण्यानं कापत नेलेली ती घळ. उन्हापावसात अंग आत ओढून बसायची ती कपार. आणि पाय ठेवायला जागाच उरत नाही, तो कडा.

कड्यांची नावं उगाच पडत नाहीत. शेळीकड्यावर शेळ्या चढतात, जपून गेलं तर माणूसही चढतो. पण ‘रामकिसनचा कडा’ म्हटलं की तिकडं कुणी फिरकत नाही, कारण रामकिसन तिथून पडून मेला. कड्याला माणसाचं नाव म्हणजे मनाई. मला ही पद्धत सरकारी पाटीपेक्षा शहाणपणाची वाटते. निदान वाचता यावं लागत नाही. फक्त एक अट आहे. ते नाव सगळ्यात आधी मेलेल्याच्या घरच्या माणसानं घ्यायचं. तोवर गावानं तोंड उघडायचं नाही.

निजामाच्या राज्यात इथं सारजाबाई नावाची धनगरीण होती. तिच्या घरात ती आणि तिचा नवरा बन्सी, तिसरं कुणी नाही. एका श्रावणात बन्सी मेंढरं घेऊन डोंगरात गेला. दिवस मावळताना मेंढरं परत आली, तो आला नाही. शेळीकड्यापलीकडच्या कड्यावर, मध्यावरच्या एका झुडपात त्याचं पागोटं अडकलेलं दिसलं. खाली ओढ्याला पूर होता. चार दिवस शोधलं, हाती काही लागलं नाही.

गाव काय समजायचं ते समजलं. सारजाबाई म्हणाली, “औरंगाबादला गिरणीत लागायचं म्हणत व्हते. तिकडंच गेले असत्याल.”

तिनं कुंकू पुसलं नाही, बांगड्या फोडल्या नाहीत. दर बाजाराला लोकर घेऊन शहरात जायची आणि गिरणी सुटायच्या वेळी फाटकासमोर उभी राहायची. अशी नऊ वर्षं गेली. तिची कीव येते, पण तिचं कौतुक मी करणार नाही. नऊ वर्षं तो कडा बिननावाचा राहिला. गावातले लोक मनाशी ओळखून लांब राहत; बाहेरून येणाऱ्याला कोण सांगणार?

बाहेरून आला तो नूरमोहम्मद, मोजणीचा अमीन. तो मूळचा पडेगावचा, मेंढपाळांच्या पोरांत वाढलेला, त्यामुळे ही रीत त्याला पक्की ठाऊक होती; पण नोकरीपायी बरीच वर्षं दूर राहिल्यानं बन्सीचं काही कानावर आलं नव्हतं. डोंगराचा नकाशा करायचा, माथ्यावर झेंडी लावायची, प्रत्येक जागेचं नाव उर्दूत लिहून घ्यायचं, असं त्याचं काम. त्याच कड्याखाली त्याला मुंजाबा नावाचा म्हातारा मेंढपाळ भेटला. थोड्या अंतरावर सारजाबाई चातीवर लोकर कातत बसली होती.

“ह्या कड्याला नाव काय हाय, मुंजाबा?” नूरमोहम्मदनं विचारलं.

मुंजाबानं सारजाबाईकडं पाहिलं. तिनं मान वर केली नाही.

“नाव नाय,” तो म्हणाला.

“म्हंजे जाता येतंय,” म्हणत नूरमोहम्मदनं झेंडी पाठीला बांधली आणि चढायला लागला.

“बेतानं जावा, सायेब,” एवढंच मुंजाबा बोलला आणि खाली बघत राहिला. रीत मोडायची नाही म्हणून जिवंत माणूस वर जाऊ द्यायचा, असला हा मान! मला आजही त्याचा राग येतो.

नूरमोहम्मद तीन पुरुष उंचीवर पोचला. हाताखालचा दगड निसटला आणि आपटत आपटत ओढ्यात गेला. नूरमोहम्मद एका हातावर लोंबकळला, मग कसाबसा पाय टेकला आणि पुन्हा वरच बघू लागला. सारजाबाईची चाती थांबली. ती उठून उभी राहिली.

“खाली या, सायेब! त्यो बन्सीचा कडा हाय!”

नूरमोहम्मदनं का म्हणून विचारलं नाही. एकेक पाय चाचपत तो उतरला. पाठीची झेंडी सोडून त्यानं कागद काढला.

“मावशी, लिहायचंय. परत सांगा, कुणाचा?”

बायका नवऱ्याचं नाव घेत नसत. मघाच्या हाकेआधी सारजाबाईनंही उभ्या जन्मात ते कधी घेतलं नव्हतं.

“बन्सीचा,” ती म्हणाली. “आमचे मालक. हितंच पडले.”

त्यानं लिहून घेतलं. तिनं दगडावर हात टेकवून बांगड्या फोडल्या, मग कातलेली लोकर गोळा करून मुंजाबापुढं ठेवली.

“येत्या बाजाराला तुमीच घिऊन जावा, दादा. मला आता शहरात काय काम?”