गळ्यातला हात

बद्रीनाथचा हात खरोखरच दुखावला होता, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. चितेगावच्या एका कारखान्यात पत्र्याचं बंडल क्रेनवरून निसटलं आणि त्याच्या उजव्या खांद्यावर आदळलं. हाड जुळलं, पण हात पुरता वर जाईना. सरकारी डॉक्टरांनी तीस टक्के अपंगत्व लिहून दिलं आणि बद्रीनाथनं कामगार न्यायालयात भरपाईचा दावा लावला.

पण त्याच्या आधी त्याच कारखान्यात कडुबा नावाचा एक नग होऊन गेला होता. हा गडी सिल्लोड रोडला मोटारसायकलवरून पडला, गुडघा सुजवून घेतला, आणि दुसऱ्या दिवशी कामावर येऊन मशीनपाशी पुन्हा एकदा पडून दाखवलं. भरपाई घेतली, पण पचली नाही. पहिलं पडणं एका ढाब्याच्या कॅमेऱ्यात सापडलं. तेव्हापासून मॅनेजरला प्रत्येक प्लास्टरमध्ये कडुबाच दिसू लागला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती अशी.

त्यात बद्रीनाथनं स्वतःच घोळ घातला. लासूर स्टेशनला चुलतभावाचं लग्न होतं. वरातीत डीजे वाजत होता, पोरांनी त्याला ओढलं आणि नाचता नाचता त्याचा उजवा हात कानापर्यंत वर गेला. कळ आली, त्यानं लगेच खाली घेतला. पण तेवढंच नेमकं कुणाच्या तरी मोबाइलमध्ये आलं आणि स्टेटसवर झळकलं. पुढच्या तारखेला कंपनीच्या वकिलानं ते कोर्टात दाखवलं. हात खाली घेतानाचं वाकडं तोंड त्यात नव्हतंच. फेरतपासणीचा हुकूम झाला.

बाहेर आल्यावर बद्रीनाथचा वकील खवळला. "नाचायला गेलता व्हय? आता तपासणी होईस्तोर हात गळ्यात पायजे. भाजी आणताना, दाढी करताना, कुठंबी. एक फोटो निघाला की तू कडुबा."

हा शब्द बद्रीनाथला लई लागला. त्यानं त्याच दिवशी औषधाच्या दुकानातून झोळी घेतली आणि हात गळ्यात अडकवला.

तिकडं सरकारी दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या अजरा मॅडम उलटंच सांगत होत्या. "हात रोज हलवा. दुखला तरी हलवा. नाय हलवला तर सांधा धरंल, मग मला सांगू नका." बद्रीनाथ मान हलवायचा. पण दवाखान्याच्या रांगेतही कारखान्याची माणसं भेटायची, म्हणून त्यानं तिकडं जाणंच सोडलं.

घरी तरी करायचा होता व्यायाम. पण कांचनवाडीतली ती पत्र्याची खोली, दार थेट गल्लीत, आणि घरमालक त्याच कारखान्याच्या कँटीनमध्ये कामाला. बायको करुणा तेलाची वाटी घेऊन बसायची. "अहो, दार लावलंय. हलवा की जरा."

"खिडकीतून कुणी बघंल."

"मग खिडकी लावते."

"दोन्ही लावलं तर लोक म्हणतील, आत काय चाललंय."

पुढं तो झोपतानाही झोळी काढेना. खरं दुखणं असलेल्या माणसाला दुखण्याचं सोंग घ्यावं लागत होतं, आणि सोंग कुठं संपतं ते त्याचं त्यालाही कळेनासं झालं. कधी जेवताना हात चुकून हलला, की तो दचकून दाराकडं बघायचा. लाजही वाटायची. कडुबानं निदान सोंग एकदाच केलं होतं.

नवरात्रात कर्णपुऱ्याच्या जत्रेत त्याची पाच वर्षांची लेक प्रेरणा खांद्यावर बसायचा हट्ट धरून रडली. "केस झाली की घेतो," तो म्हणाला. "आत्ता कुणी बघंल." गर्दीत तिला माणसांच्या पाठींशिवाय काही दिसलं नाही.

तारीख पे तारीख करत तपासणीला चौदा महिने लागले. तीन डॉक्टरांनी त्याचा हात धरला, वर नेला, मागं नेला, जोर लावला. बद्रीनाथ खराखुरा ओरडला. हात छातीच्या वर सरकेना. "सांधा धरलाय," मोठे डॉक्टर म्हणाले, "आणि आता सुटणं अवघड आहे. यात खोटं काही नाही." त्यांनी पंचावन्न टक्के लिहिले.

वकील खूश. "जिंकल्यात जमा आहे. आता टाक काढून ती झोळी."

बद्रीनाथनं झोळी काढली. हात पोटापाशीच राहिला.

घरी आला तेव्हा प्रेरणानं आधी त्याचा मोकळा गळा बघितला. ती पळत जाऊन पलंगावर चढली आणि दोन्ही हात वर करून उभी राहिली. बद्रीनाथ तिच्यासमोर उभा राहिला. त्यानं दात आवळून जोर लावला. हात छातीपाशीच अडला.

प्रेरणा खाली उतरली. तिनं दार लावलं, मग खिडकी लावली, आणि परत पलंगावर चढली.

"घ्या ना पप्पा," ती म्हणाली. "आता कुणीच बघत नाय."