बोडीवरून आलेला फोन

ती घटना आठवली की आजही हातातला घास हातातच राहतो.

गोंदिया जिल्ह्यात, आमगावच्या पलीकडच्या एका ठाण्यात माझी बदली होऊन महिनाही झाला नव्हता. ठाण्याठाण्यात येणारे फोन बंद करून सगळे कॉल एकाच नियंत्रण कक्षात घ्यायचे आणि तिथून गाडीतल्या स्क्रीनवर संदेश पाठवायचा, अशी पद्धत नुकतीच सुरू झाली होती. जुने हवालदार कुरकुरत होते. मी मात्र तिचा खंदा समर्थक. ठाण्यात फोनपाशी माणूस अडकत नाही, नोंद पक्की राहते, आणखी काय पाहिजे, असं मी त्यांना ऐकवायचो.

एका सकाळी नकाशावरच्या खुणेसह संदेश आला, ‘शेताजवळ महिलेची बॉडी.’ प्रेताला घाई नसते. आम्ही पंचनाम्याचे कागद घेतले, वाटेत दोन पंच गाठले, फोटोग्राफरसाठी थांबलो. पंधरा मिनिटांच्या रस्त्याला सव्वा तास लावला. तळ्याच्या पाळीवर शेळ्या राखणारा एक म्हातारा बाईचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. एका पायाने अधू, धोतर रक्ताने भरलेलं. फोन त्यानेच केला होता.

डॉक्टर म्हणाले, आम्ही पोचण्याच्या थोडंच आधी तिचा जीव गेला. म्हणजे फोनच्या वेळी बाई जिवंत होती. मग तिची ‘बॉडी’ याने कळवली कशी? मला वाटलं, आरोपी आयता हाती लागला. मारणारा तिचा दीर, धानाच्या पाण्यावरून भांडण झालं, असं म्हातारा सांगत होता. पण दुसऱ्यावर ढकलणारे मी पुष्कळ पाहिले होते. दोन दिवस त्याला चौकशीला बसवलं, आवाजही चढवला.

“बाई जिवंत होती, तर बॉडी कशाला म्हणालास?”

“मंग का म्हणू जी? बोडीले बोडीच म्हणतेत.”

दाराशी आमचे हवालदार उभे होते, याच भागातले. ते आत आले आणि खाली बघत म्हणाले, “साहेब, तो तलाव सांगून राहिला. लहान तलावाले आमच्याकडं बोडी म्हणतेत.”

ज्या तळ्याच्या पाळीवर बसून मी पंचनामा लिहिला, तीच ती बोडी. कागदावर मी ‘तलाव’ लिहिलं होतं.

कॉलचं रेकॉर्डिंग मागवलं. “बोडीवर बाईले तिचा दीर मारून राहिला, लवकर या जी.” सगळं त्यात होतं, मारणाऱ्यासकट. फोन घेणारी मुलगी दुसऱ्या जिल्ह्यातली. तिने ‘बॉडी’ ऐकलं आणि पुढचं तिच्या कानावरून गेलं. तिला काय दोष देऊ? मी तर त्याच्या समोर बसून दोन दिवस तेच ऐकत होतो. दिराला त्याच दिवशी अटक झाली, पुढे शिक्षाही लागली.

नंतर मी हवालदारांना घेऊन इथल्या शब्दांची यादी केली आणि कक्षाला पाठवली. पहिला शब्द बोडी. एकत्र कक्षाच्या मी आजही विरोधात नाही. पण फोन जिथे वाजतो तिथे या मातीतला एक तरी कान हवा. आणि समोरच्याचा शब्द खटकला, तर आवाज चढवण्याआधी त्याचा अर्थ विचारावा, एवढं मी शिकलो. फार उशिरा शिकलो, याची लाज वाटते.

म्हाताऱ्याला सोडताना मी माफी मागितली. तो रागावला नाही. काठी उचलत म्हणाला, “बाई घडीघडी इचारे, गाडी येऊन राहिली का म्हणून. मी म्हणो, येऊन राहिली माय, येऊन राहिली.”