उन्हाने प्यायलेला रंग

आल्देनोरच्या ओढ्याचे पाणी दुरून काळे दिसते. ओंजळीत घेतले की कोऱ्या चहासारखे होते. हात सावकाश आत सोडला की बोटे आधी मधाच्या रंगाची होतात, मग तांबडी, आणि खांदा भिजेपर्यंत नाहीशीच होतात. पुराच्या दिवसांत पाणी रानात शिरते, महिनोन्महिने झाडांच्या बुंध्यांशी मुक्काम करते, आणि कुजलेल्या पाल्याचा, मुळांचा, पांढऱ्या वाळूखालच्या काळ्या मातीचा अर्क पोटात घेऊन परत निघते. अशा कितीतरी ओढ्यांनी मिळून रिओ नेग्रो झाली आहे. तिला सगळे काळी नदीच म्हणतात.

आल्देनोरचे सगळे आयुष्य या पाण्यावर गेले. तरुणपणी तो रानातल्या माडांचे राठ केस कापून आणायचा. शहरात त्यांचे झाडू होत. पुढे गुडघे कुरकुरू लागले तेव्हा तो होडीत बसून इवले लाल-निळे मासे धरू लागला. ते मासे दूरदेशी काचेच्या पेट्यांत पोहत असतात म्हणे. बोलण्यात मात्र तो पहिल्यापासून कच्चा. झेनाइदेला मागणी घालायची होती तेव्हाही त्याच्या तोंडून शब्द फुटला नव्हता.

दोघे ओढ्याकाठी कपडे धुवायच्या फळीवर बसले होते. तिचा बाप समोर होडीत जाळे सांधत होता, आणि बापाची नजर घारीची. आल्देनोरने काहीतरी शोधत असल्यासारखा हात पाण्यात खोल सोडला. थोड्या वेळाने तिनेही सोडला. पाण्यावर ढग चालले होते, आणि ढगांच्या खाली, कुणाला न दिसता, दोन हात एकमेकांत गुंतले होते.

"काय हरवलं?" बापाने विचारले.

"साबण," झेनाइदे म्हणाली.

"साबण तर तुझ्या मांडीवर आहे!"

त्या साबणावर त्यांचा संसार उभा राहिला. मुले झाली, नातवंडे झाली, तरी कुणाची काही वस्तू हरवली की घरात पहिल्यांदा त्या साबणाची थट्टा निघायची.

यंदा नदी उतरली आणि झेनाइदेच्या पोटात कळा सुरू झाल्या. पित्ताचे खडे झाले होते. मोठी मुलगी इव्होनेते तिला मनाउस शहरातल्या इस्पितळात घेऊन गेली. कसाव्याचे पीठ भट्टीवर भाजायचे राहिले होते, म्हणून आल्देनोर मागे थांबला. चार-सहा दिवसांनी वस्तीवरच्या रेडिओवर इव्होनेतेचा आवाज आला.

"बाबा, आई ऑपरेशनच्या कागदावर सही करत नाही. नळाचं पाणी पीत नाही. म्हणते, हे मेलेलं पाणी आहे, हे पिऊन कापून घेतलं तर मी उठायचीच नाही."

"मग काय म्हणते?"

"आपल्या ओढ्याचं पाणी आलं, तरच सही. डोळे पिवळे झालेत तिचे. बाबा, लवकर निघा."

पहाटे त्याने धुण्याच्या फळीवर बसून एक मोठी पारदर्शक बाटली भरली. बूच घट्ट लावले. मनाउसला जाणाऱ्या लाँचवर माणसांची आणि निजायच्या झुल्यांची दाटी. कुणाचा पाय लागून बाटली लवंडेल म्हणून त्याने ती टपावरच्या कठड्याला मासेमारीच्या दोरीने पक्की बांधली, आणि खाली सावलीत झुला टांगून निर्धास्त आडवा झाला. तीन दिवस लाँच प्रवाहाबरोबर चालली. दोन्ही काठांची झाडे पाण्यात उलटी दिसत. नदी कुठे संपते आणि आकाश कुठे लागते ते कळत नव्हते. डोळा लागला की झेनाइदे फळीवर बसलेली दिसे.

शेजारच्या झुल्यात लुसिमार नावाची एक मुलगी होती. ती ओढ्याओढ्याचे पाणी तपासायला नेत होती. तिच्या बाटल्या गडद काचेच्या, वर प्रत्येकीला चंदेरी कागद गुंडाळलेला.

"पोरी, पाण्याला थंडी वाजते का गं?" आल्देनोरने विचारले.

"ऊन लागतं, काका."

थट्टेला थट्टेनेच उत्तर मिळाले असे वाटून तो हसला. आपल्या बाटलीबद्दल काही बोलला नाही.

मनाउस जवळ आले तसा तो टपावर चढला, आणि दोरी सोडता सोडता त्याचे हात थबकले. पाणी फिकट झाले होते. एकाच पानावर दहा घरांचा चहा केल्यासारखे. तो बाटली छातीशी धरून स्वयंपाकाच्या कोपऱ्यात आला. तिथली फिलोमावशी मोठ्या आवाजाची बाई. तिला त्याने झेनाइदेचा हट्ट कसाबसा सांगितला.

"अगं बाई, नदी उडाली की! आणा इकडं. चमचाभर कॉफी टाकते. म्हातारीला काय कळतंय?"

चमचा पुढे आला. आल्देनोरने बूच काढलेही. सहीवाचून झेनाइदे घरी परतली तर काय होईल, ते त्याला ठाऊक होते.

"काका, ते पाणी नासलेलं नाही," लुसिमार मागून म्हणाली. "हा रंग पाल्याचा आणि मातीचा अर्क असतो. आम्ही त्याला फुल्विक आम्ल म्हणतो. उन्हात त्याचे बारीक बारीक तुकडे होतात, मग रंग जातो."

"आणि तुकडे?"

"काही पाण्यातले जीव खातात. काही हवा होऊन वर जातात."

आल्देनोरने वर पाहिले. नदीवर पांढरे ढग होते, त्या दिवसासारखेच. त्याने बाटलीच्या तोंडावर तळवा ठेवला.

"नको, फिलोमावशी. आमच्या घरात एक खोटं आधीच आहे. ते साबणाचं. दुसरं नको."

इस्पितळात झेनाइदेने बाटली खिडकीकडे धरली. तिचे डोळे खरेच पिवळे झाले होते.

"हे कुठं ठेवलं होतंस, म्हाताऱ्या?"

"टपावर."

"टपावर! तू सावलीत घोरलास, आणि ओढ्याला उन्हात बसवलंस?"

"उन्हानं रंग प्यायला, म्हातारे," तो कसाबसा म्हणाला. "पाणी तेच आहे."

 तिने उशाचे घमेले ओढले, पाणी त्यात ओतले, बोट बुडवून जिभेला लावले आणि डोळे मिटले.  मऊ पाणी, जरासे आंबट, मागून ओल्या पाल्याचा वास.

"ओढाच आहे," ती म्हणाली.

"आई, नळालाही हीच नदी येते," इव्होनेते म्हणाली. "तुरटी घालून रंग तळाला बसवतात. घसा कोरडा पडला माझा सांगून."

"तू सांगितलंस गं. पण बघितलं आत्ता." झेनाइदे घमेल्याकडे बघत राहिली. "म्हणजे बिचारी नळातून नागडी येते होय? तरीच मी ओळखलं नाही. आण पेलाभर. आणि तो कागदही आण."

ती नळाचे पाणी सावकाश प्यायली, कागदावर सही केली, आणि मग उजवा हात घमेल्यात सोडला. आल्देनोरने आपला सोडला. पाणी काहीच लपवत नव्हते. एकेक सुरकुती, एकेक जुना वण, सगळे किंचित सोनेरी होऊन दिसत होते. शेजारच्या खाटेवरची बाई मान उंचावून बघू लागली.

"सगळे बघतायत," तो कुजबुजला. तिने हात सोडला नाही.

"काय हरवलं, बाबा?" इव्होनेतेने विचारले.

इतक्या वर्षांत ज्याच्या तोंडून तो शब्द कधी निघाला नव्हता, तो आल्देनोर म्हणाला, "साबण."

झेनाइदे इतकी हसली की पोटात कळ आली.