चादरीखालचा हात

आधीच सांगतो, मी असल्या गोष्टी मानणारा माणूस नाही. मार्केट यार्डात आमचा गुळाचा गाळा आहे, वडिलांपासूनचा. आजूबाजूच्या सगळ्या गाळ्यांवर लिंबू-मिरची लटकते, आमच्या नाही. या सदरातले अनुभवसुद्धा मी चहाबरोबर टाइमपास म्हणून वाचायचो आणि मनातल्या मनात हसायचो. आता तुम्ही मला हसलात तरी माझी तक्रार नाही.

गेल्या वर्षीची गोष्ट. आम्ही कर्वेनगरला राहतो, मी आणि माझी बायको सुनंदा. ती तिथल्याच एका कॉलेजच्या ऑफिसात आहे. त्या दिवशी सकाळपासून तिच्या पाठीत, दोन खांद्यांच्या मधोमध दुखत होतं. मग जबडा दुखायला लागला. मग दरदरून घाम आणि एक उलटी. छातीत मात्र काही नाही. "पित्त झालंय हो, काल उपासाची खिचडी जरा जास्तच झाली," हे निदान तिचंच. आमच्या घरात काहीही झालं तरी ते पित्तच असतं. तरी मी तिला रिक्षात घालून जवळच्या हॉस्पिटलात नेलं.

कॅज्युअल्टीत ईसीजी काढला, नॉर्मल. रक्त तपासलं. ट्रोपोनिन म्हणून काहीतरी असतं, हृदयाला इजा झाली की ते रक्तात वाढतं म्हणे. तेही नॉर्मल. ड्यूटीवरचे डॉक्टर तरुण होते, बोलायला सभ्य होते. म्हणाले, "काका, अॅसिडिटी आहे. इंजेक्शन दिलंय. घरी न्या, आराम करू द्या."

मला हायसं वाटलं. डिस्चार्जची वाट बघत मी तिच्या बेडच्या कडेला बसलो. चादरीखाली तिचा हात माझ्या हातात होता... निदान मला तसं वाटत होतं. दुसऱ्या हातात फोन. गाळ्यावरच्या माणसाला गाडी उतरवून घ्यायला सांगत होतो. तेवढ्यात माझी करंगळी कोणीतरी मुठीत धरली आणि दोनदा दाबली.

इथे जरा मागचं सांगावं लागेल. पूर्वी आमच्या धंद्यात भाव तोंडाने सांगत नसत. रुमालाखाली हातात हात घ्यायचा आणि बोटं दाबून सौदा करायचा, म्हणजे शेजारच्याला कळत नाही. ती पद्धत केव्हाच बंद झाली. पण वडिलांनी माझ्यासाठी त्यात एक घरची खूण ठेवली होती. समोरचा घाईघाईने गुंडाळायला बघतोय असं दिसलं, की ते रुमालाखाली माझी करंगळी धरून दोनदा दाबायचे. अर्थ एकच: बस. उठायचं नाही.

सुनंदाला हे माहीत असायचं कारणच नाही. वडील आमच्या लग्नाआधी गेले, आणि मीही ती खूण पार विसरलो होतो. मी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. ती उठून बसली होती आणि दोन्ही हात डोक्यामागे नेऊन केसांचा अंबाडा घालत होती.

दोन्ही हात. आणि चादरीखाली माझी करंगळी अजून कोणाच्या तरी मुठीत होती. जाड, खरखरीत, कोमट बोटं. पुन्हा दोनदा दाबली, या वेळी दुखेल इतकी. मी चादर ओढून काढली. खाली सुनंदाची पर्स होती, बाकी काही नाही.

मी घाबरलो. पण भुताखेताला नाही, घरी जायला घाबरलो.

डॉक्टरांना म्हणालो, आम्ही जाणार नाही, पुन्हा तपासा. ते म्हणाले, "काका, रिपोर्ट तुमच्यासमोर आहे." मी म्हणालो, रिपोर्ट चुकला असेल. मागून सिस्टर म्हणाल्या, "इथे लॉज नाहीये हो, बेड लागतो पेशंटला." सुनंदा तर शरमेने लाल झाली होती. "अहो, लोक बघतायत. चला ना, मला बरं वाटतंय." मी कोणाचं ऐकलं नाही. काय कारण सांगणार होतो? मेलेल्या बापाने करंगळी दाबली म्हणून? शेवटी भर कॅज्युअल्टीत त्या पोराएवढ्या डॉक्टरच्या पायांवर डोकं ठेवलं आणि रडलो. आयुष्यात कोणापुढे अशी गयावया केली नव्हती. ते बिचारे गडबडले. म्हणाले, "ठीक आहे, थांबा. थोड्या वेळाने परत काढू."

दुसऱ्या ईसीजीची पट्टी बाहेर आली आणि त्यांचा चेहरा बदलला. मग पळापळ सुरू झाली. ट्रोपोनिनही वाढलं होतं. मनगटातून तार घालून अँजिओग्राफी करायला नेलं, आणि टेबलवरच तिचं हृदय बंद पडलं. मी बाहेर भिंतीला टेकून उभा होतो. आतून कोणीतरी "सगळे बाजूला व्हा" असं ओरडलेलं ऐकू आलं, दोनदा. मी देवाचं नाव घेतलं नाही. वडिलांना म्हणालो, आलाच आहात तर तिला सोडून जाऊ नका.

शॉक देऊन तिला परत आणलं, स्टेंट टाकला. मोठ्या डॉक्टरांनी नंतर सांगितलं, की सुरुवातीला दोन्ही तपासण्या नॉर्मल येऊ शकतात, म्हणून त्या पुन्हा करायच्या असतात. बायकांना तर छातीत न दुखताही हार्ट अटॅक येऊ शकतो. "घरी गेला असतात तर..." म्हणाले आणि वाक्य तिथेच सोडलं.

मेहुणा इंजिनियर आहे, त्याला एकट्यालाच मी हे सांगितलं. त्याच्या मते टेन्शनने माझा हात बधिर झाला असणार. असेल. पण बधिर बोटाला इतकं दुखतं का?

सुनंदा आता बरी आहे. रक्त पातळ करायची गोळी, कोलेस्टेरॉलची गोळी, संध्याकाळी हळूहळू चालणं. एकदा चालताना तिने विचारलं, "तुम्ही त्या दिवशी एवढे हटून का बसलात?" मला खरं सांगवेना. म्हणालो, तुझा चेहरा मला बरा दिसत नव्हता.

तिला इतका आनंद झाला, की आता खरं सांगायची सोय राहिली नाही. "यांना माझ्या चेहऱ्यावरून कळलं," असं येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगते. मी तर तेव्हा फोनवर होतो.

हल्ली रोज सकाळी ती उठायच्या आधी मी तिचा चेहरा नीट बघतो. मला त्यातलं काही कळत नाही. ज्यांना कळलं, त्या वडिलांना मी पुष्कळदा हाका मारल्या... करंगळी पुन्हा कोणी धरली नाही.