ब्रेकमास्तरांची उजळणी

गाडी चालवायला शिकवणाऱ्या त्या गृहस्थांना सगळे ब्रेकमास्तर म्हणत. शिकणाऱ्याच्या शेजारी बसायचं आणि आपल्या पायाखालचा जादा ब्रेक वेळेवर दाबायचा, हे त्यांचं काम. पाय तत्पर होता, पण तोंड त्याच्याही आधी सुटायचं. एकदा भर चौकात त्यांनी शिकायला आलेल्या एका शिक्षिकेवर असा आवाज चढवला, की बाईंनी गाडी बंद केली, पर्स उचलली आणि उतरून चालू लागल्या. मागे हॉर्नचा कल्लोळ. मास्तरांनी सरकून स्टिअरिंग धरलं आणि गाडी कशीबशी बाजूला घेतली.

रविवारी चर्चमधली उपासना संपल्यावर त्यांनी पाळकसाहेबांना गाठलं आणि घडलं ते सांगितलं. खरडपट्टी निघणार, हे धरूनच ते गेले होते. पाळकसाहेबांनी फक्त विचारलं, दुपारी जेवता कुठे? गाडीतच, फोनवर बोलता बोलता, मास्तर म्हणाले. मग पाळकसाहेबांनी सांगितलं, की डबा गाडीबाहेर बसून, देवाचे आभार मानून खा. पुढचा विद्यार्थी येण्याआधी स्तोत्राची एक ओळ म्हणून गप्प बसा. आणि संध्याकाळी आज देव कुठे भेटला, आपण कुठे चुकलो, याची बायकोपाशी उजळणी करा.

मास्तरांनी हे वाहतुकीच्या नियमांसारखं पाळायला घेतलं. पहिल्याच दिवशी त्यांना डोळे मिटून, हात जोडून बसलेलं पाहून एक विद्यार्थी बाहेरच थबकला. आपल्या ड्रायव्हिंगचा मास्तरांनी एवढा धसका घेतला असेल, हे त्याला ठाऊक नव्हतं. घरी बायकोने उजळणी ऐकून घेतली, त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला आणि डॉक्टरांनी काही सांगितलंय का, असं विचारलं.

चुकांमध्ये रोज त्या शिक्षिकाच यायच्या. शेवटी बायको वैतागली. एकदाची त्यांची माफी मागून या, म्हणजे माझी सुटका होईल, म्हणाली. मास्तर गेले. बाईंनी दारातच ऐकून घेतलं आणि शनिवारी येते म्हणाल्या. आल्याही. क्लच अजून झटक्यातच सोडत होत्या. मास्तरांचा आवाज घशापर्यंत आला. त्यांनी तो गिळला आणि पुन्हा एकदा करून बघू, म्हणाले.

असे काही महिने गेले. एका संध्याकाळी त्यांची उजळणी संपल्यावर बायको उठली नाही.

"आज माझंही ऐका," ती म्हणाली. "तुमच्या गाडीचं दार वाजलं, की इतकी वर्षं माझ्या पोटात गोळा यायचा. हल्ली येत नाही."

मास्तरांनी तिचा हात धरून प्रार्थनेला सुरुवात केली, पण पहिल्याच वाक्यात अडकले. राहिलेली प्रार्थना तिने पूर्ण केली आणि भात गरम करायला उठली.